पेट्रोल उतरतं तेव्हा डिझेल का चढतं?

मी चंदीगडहून बोलते आहे. इथे सेक्टर २६ मध्ये धान्याचा आणि भाजीचा मोठा बाजार आहे, आणि त्याच सेक्टरात मालवाहतूकदारांचा भाग आहे. त्याला सगळे ट्रान्सपोर्ट एरिया म्हणतात. तिथल्या एका लहान वाहतूक कंपनीचे हिशेब मी बरीच वर्षं लिहिते. अर्थशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही, पण डिझेलच्या पावत्या मात्र पोत्यांनी पाहिल्या आहेत. त्या भांडवलावर आज बोलणार आहे.

विषय आमच्या ड्रायव्हरांनी दिलेला आहे. २०१४ चा ऑगस्ट. महिन्याच्या पहिल्या तारखेला दिल्लीत पेट्रोल लिटरमागे १ रुपया ९ पैशांनी उतरलं आणि डिझेल ५६ पैशांनी चढलं. महिना संपता संपता पुन्हा तेच. पेट्रोल १ रुपया ८२ पैशांनी खाली येऊन ६८ रुपये ५१ पैसे झालं, आणि डिझेल वर जाऊन ५८ रुपये ९७ पैसे. इथे चंदीगडमध्ये आकडे थोडे वेगळे, पण दिशा तीच. तेव्हा एक ड्रायव्हर मला म्हणाला, "मॅडमजी, तेल तां इक्को ई ऐ, फेर एह उलटा किवें?" तेल तर एकच आहे, मग हे उलटं कसं?

प्रश्न अगदी बरोबर आहे. दोन्ही एकाच कच्च्या तेलातून निघतात. कच्चं तेल महागलं तर दोन्ही महागायला हवीत, उतरलं तर दोन्ही उतरायला हवीत. मग एक वर आणि एक खाली कसं जातं? याचं एकच उत्तर नाही. माझ्या हिशेबाने तीन उत्तरं आहेत, आणि तिन्ही आपल्या देशात वेगवेगळ्या वेळी खरी ठरलेली आहेत. लोक एका वेळचं उत्तर दुसऱ्या वेळेला लावतात आणि मग भांडत बसतात.

आधी हे सांगते की याची फिकीर का करायची. चंदीगड ते नाशिक साधारण दीड हजार किलोमीटर. भरलेला मोठा ट्रक लिटरला साडेतीन ते चार किलोमीटर जातो. म्हणजे एका बाजूला चारशे लिटर डिझेल धरा. लिटरला ५० पैसे वाढले की खेपेला २०० रुपये गेले. ११ रुपये वाढले की ४,४०० गेले. ट्रकवाल्याच्या खर्चात सगळ्यात मोठी रक्कम हीच. तो कांदा इथल्या बाजारात उतरतो तेव्हा त्या चारशे लिटरचा वाटा त्याच्या भावात असतो. देशात २०२३-२४ मध्ये डिझेल सुमारे नऊ कोटी टन खपलं आणि पेट्रोल पावणेचार कोटी टनांच्या आसपास. तरी वर्तमानपत्राचा मथळा पेट्रोलचाच असतो. मथळा लिहिणारा आणि वाचणारा दोघेही स्कूटरवरून कामाला जातात, त्याला काय करणार!

आता २०१४ च्या त्या कोड्याकडे येऊ. त्यासाठी चार वर्षं मागे जावं लागेल.

जून २०१० मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलच्या दरावरचं नियंत्रण काढलं. पेट्रोल बाजाराच्या दराने विकायचं ठरलं. डिझेल मात्र सरकारने हातात ठेवलं. कारण सगळ्यांना माहीत होतं: ट्रॅक्टर, ट्रक, एसटी, रेल्वे, मासेमारीच्या बोटी, सगळं डिझेलवर. डिझेल वाढलं की महागाई वाढणार आणि मतं कमी होणार. पुढची दोन वर्षं पेट्रोल चढत गेलं आणि डिझेल जागच्या जागी थांबलं. मे २०१२ मध्ये पेट्रोल एका रात्रीत साडेसात रुपयांनी वाढलं तेव्हा दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे होतं आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक!

हा फरक कोणी भरला? काही सरकारी तिजोरीने, काही ओएनजीसीसारख्या तेल काढणाऱ्या सरकारी कंपन्यांनी, आणि काही विकणाऱ्या कंपन्यांनी. नाव शेतकऱ्याचं होतं. पण स्वस्त डिझेल मोठ्या मोटारींच्या टाक्यांत, मोबाइल टॉवरच्या आणि मॉलच्या जनरेटरमध्येही जात होतं. त्या वर्षांत चंदीगडमध्ये नवी डिझेलची गाडी घेणं म्हणजे शहाणपणाचं लक्षण समजलं जायचं, आणि व्यवहार पाहता ते शहाणपणच होतं. दर चुकीचा असला की शहाणी माणसंही त्याच्या मागे जातात.

२०१२ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने एकदम ५ रुपये वाढवले. डॉ. विजय केळकरांच्या समितीनेही त्याच सुमारास डिझेलचं अनुदान टप्प्याटप्प्याने संपवा असं सांगितलं. मग जानेवारी २०१३ मध्ये निर्णय झाला की तेल कंपन्यांनी डिझेल दर महिन्याला ४० ते ५० पैशांनी वाढवत न्यायचं, लिटरमागचा तोटा भरून निघेपर्यंत.

कोड्याची किल्ली इथे आहे. पेट्रोल बाजारामागे चालत होतं. बाजार खाली गेला की खाली, वर गेला की वर. डिझेल मात्र जिना चढत होतं. दर महिन्याला एक पायरी. बाहेर ऊन असो की पाऊस, पायरी चढायचीच, कारण ते आधीच बाजारभावाच्या कितीतरी खाली होतं. जानेवारी २०१३ मध्ये लिटरमागे नऊ-साडेनऊ रुपये तोटा होता. त्याच वर्षी रुपया कोसळला आणि सप्टेंबरमध्ये तोटा १४ रुपयांवर गेला. म्हणजे पायऱ्या चढताना छत आणखी वर गेलं. मग २०१४ च्या उन्हाळ्यानंतर कच्चं तेल उतरू लागलं, छत खाली यायला लागलं. ऑगस्टमध्ये पेट्रोलवाल्याला उतरणीचा फायदा लगेच मिळाला. डिझेलवाल्याला मात्र शेवटच्या दोन पायऱ्या चढायच्या राहिल्या होत्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला लिटरमागचा तोटा ८ पैशांवर आला. १८ ऑक्टोबरला डिझेलही मोकळं केलं आणि दिल्लीत ते ३ रुपये ३७ पैशांनी उतरलं. महाराष्ट्राची आणि हरियाणाची मतमोजणी दुसऱ्या दिवशी होती. मतदान मात्र १५ तारखेलाच होऊन गेलेलं.

माझ्या मते आपल्याकडे तेलाच्या बाबतीत जे काही झालं त्यात हा जिना सगळ्यात प्रामाणिक होता. ५० पैशांची वाढ कोणालाही मोडत नाही, आणि ती येणार हे आधी माहीत असतं. भाड्याचे करार करताना आम्ही ती धरून चालायचो. जिन्याचा त्रास झाला तो घाऊक ग्राहकांना. रेल्वे, सैन्य, राज्यांची एसटी महामंडळं यांना एका दिवसात लिटरला नऊ-दहा रुपये जास्त मोजावे लागले. मग अनेक राज्यांच्या सरकारी बसगाड्या साध्या पंपावर रांगेत उभ्या राहू लागल्या, कारण आगारातल्या टाकीपेक्षा रस्त्यावरचा पंप स्वस्त! आपल्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायट्यांचे पंपही घाऊक धरले गेले आणि मोठी ओरड झाली. एकाच मालाला दोन दर ठेवले की माल आपोआप स्वस्त दाराकडे वाहतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

हे झालं पहिलं उत्तर: एक मोकळं, एक बांधलेलं. दुसरं उत्तर कराचं आहे.

एप्रिल २०१४ मध्ये केंद्राचा अबकारी कर पेट्रोलवर लिटरला ९ रुपये ४८ पैसे होता आणि डिझेलवर फक्त ३ रुपये ५६ पैसे. मे २०२० मध्ये पेट्रोलवर तो ३२ रुपये ९८ पैसे झाला आणि डिझेलवर ३१ रुपये ८३ पैसे. नीट ऐका. पेट्रोलवरचा कर साडेतीन पट झाला, डिझेलवरचा जवळजवळ नऊ पट. कच्चं तेल उतरलं की उतरलेले पैसे गिऱ्हाइकाला न देता कर म्हणून ठेवून घ्यायचे, असं २०१४ च्या नोव्हेंबरपासून सुरू झालं. टाळेबंदीत तेल मातीमोल झालं तेव्हा, ६ मे २०२० रोजी, केंद्राने एका फटक्यात पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये चढवले. त्याच्या आदल्या दिवशी दिल्ली सरकारने डिझेलवरचा व्हॅट १६.७५ टक्क्यांवरून ३० टक्के केला होता.

त्याचा परिणाम जूनमध्ये दिसला. ७ जूनपासून रोज सकाळी सहाला दर वाढू लागले. २९ जूनपर्यंत दिल्लीत पेट्रोल ९ रुपये १७ पैशांनी वाढलं आणि डिझेल ११ रुपये १४ पैशांनी. मधे २४ जूनला दिल्लीत पेट्रोल होतं ७९ रुपये ७६ पैसे आणि डिझेल ७९ रुपये ८८ पैसे. डिझेल पहिल्यांदाच पेट्रोलच्या वर! आणि त्याच दिवशी, अडीचशे किलोमीटरवरच्या चंदीगडमध्ये डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्तच होतं. तेल तेच, कंपन्या त्याच, केंद्राचा करही तोच. फरक फक्त दिल्लीच्या व्हॅटचा. ३० जुलैला दिल्लीने तो परत १६.७५ केला आणि डिझेल एका रात्रीत ८ रुपये ३६ पैशांनी उतरलं. पेट्रोल जागच्या जागी राहिलं.

पंजाबात जूनचा दुसरा आठवडा म्हणजे भाताची लावणी. शेतात पाणी सोडून ट्रॅक्टरने चिखलणी करायची असते, आणि ती थांबवता येत नाही. विहिरींच्या मोटारींना इथे वीज फुकट आहे, पण ट्रॅक्टरला नाही. त्या वर्षी बिहार, उत्तर प्रदेशचे मजूर टाळेबंदीत गावी परतलेले, त्यामुळे मजुरी आधीच चढलेली, आणि वर रोज सकाळी डिझेल चाळीस-पन्नास पैसे वर. आमच्याकडच्या काही ट्रक मालकांची शेतीही आहे. दोन्हीकडून मार खाल्लेली माणसं मी तेव्हा पाहिली. परतीचा माल मिळत नव्हता, जाताना भरलेला ट्रक येताना रिकामा यायचा, आणि रिकामा ट्रकही डिझेल पितोच.

आता तिसरं उत्तर. हे सरकार नसतं तरी खरं असतं.

चंदीगडहून दिल्लीला जाताना पानिपत लागतं. मराठी माणसाच्या तोंडी ते नाव कोणत्या अर्थाने येतं ते सांगायला नको. पण इथल्या लोकांसाठी पानिपत म्हणजे इंडियन ऑइलचा तेलशुद्धीकरण कारखाना, १९९८ मध्ये सुरू झालेला. तिथे कच्चं तेल तापवून त्याचे भाग वेगळे करतात. हलका भाग आधी वर येतो, त्यातून गॅस आणि पेट्रोल. मधला भाग म्हणजे रॉकेल, विमानाचं इंधन आणि डिझेल. तळाशी फर्नेस ऑइल आणि डांबर.

याला मी घरचं उदाहरण देते. लोणी काढलं की ताक होणारच. दिवाळीच्या आधी तुपाला मागणी आली, म्हणून तुम्ही जास्त दही घुसळलं, तर घरात ताकाचे हंडे भरतील. तुपाचा भाव चढेल आणि ताक शेजारच्यांना फुकट वाटावं लागेल. दूध तेच, गाय तीच. पेट्रोल आणि डिझेलचं तसंच आहे. कारखाना थोडाफार इकडचा भाग तिकडे वळवू शकतो, पण ती यंत्रं आधी बसवलेली असावी लागतात. अमेरिकेतल्या कारखान्यांनी पेट्रोल जास्त निघेल अशी यंत्रं बसवली, आपल्याकडच्यांनी डिझेल जास्त निघेल अशी. उद्या सकाळी ते बदलत नाही.

आणि एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. आपल्याकडे कारखान्यातून निघतानाचा भाव कच्च्या तेलावरून ठरत नाही. परदेशच्या बाजारात तयार पेट्रोल किती आणि तयार डिझेल किती, यावरून ठरतो. म्हणजे लोण्याचा बाजार वेगळा, ताकाचा वेगळा.

२०२२ मध्ये हे सगळ्या जगाने पाहिलं. रशियाने फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला केला. युरोप आपलं डिझेल मोठ्या प्रमाणात रशियाकडून घ्यायचा. करोनाच्या काळात जगातले काही जुने शुद्धीकरण कारखाने बंद झाले होते. नैसर्गिक वायू इतका महागला की काही उद्योग वायू सोडून तेल जाळू लागले. डिझेलमधला गंधक काढायला हायड्रोजन लागतो आणि तो वायूपासून करतात, म्हणजे डिझेल स्वच्छ करणंही महागलं. त्यात हिवाळा जवळ आला आणि थंड देशांत घरं तापवायला जे तेल जाळतात ते डिझेलचं सख्खं भावंड. उलट पेट्रोलचा हंगाम उन्हाळी सुट्टीबरोबर संपतो. अमेरिकेत जूनच्या मध्यात पेट्रोल गॅलनला ५ डॉलरच्या वर होतं. ऑक्टोबरच्या शेवटी ते चारच्या खाली येऊन उतरतच होतं, आणि त्याच दिवसांत डिझेल पाचच्या वर चढत होतं. तिथे कोणी पायरी लावली नव्हती की कर वाढवला नव्हता.

मग आपल्याला हे दिसलं का? नाही. एप्रिल २०२२ च्या पहिल्या आठवड्यानंतर आपल्याकडचे रोजचे दर जे थांबले ते थांबलेच. मे महिन्यात केंद्राने कर कमी केला तेवढाच बदल. एप्रिल ते सप्टेंबर २०२२ या सहा महिन्यांत तिन्ही सरकारी तेल कंपन्यांना मिळून २१ हजार कोटींहून जास्त तोटा झाला. वर्षाच्या शेवटी पेट्रोलवर त्यांना नफा सुटू लागला होता, डिझेलवर तोटा चालूच होता. बाजारात पेट्रोल उतरलं होतं, पण पंपावर उतरलं नाही, कारण पेट्रोलच्या नफ्यातून डिझेलचा खड्डा भरायचा होता. स्कूटरवाला ट्रकवाल्याचे पैसे भरत होता आणि दोघांनाही पत्ता नव्हता. मी स्वतः डिझेलवाल्यांच्या बाजूची, आमच्या कंपनीला त्यात फायदाच झाला. तरी ही पद्धत मला पटत नाही. जिना दिसत होता. हे दिसत नव्हतं.

घाऊक दराचा खेळही तेव्हा परत झाला. मार्च २०२२ मध्ये मुंबईत पंपावर डिझेल ९४ रुपये १४ पैसे आणि घाऊक ग्राहकाला १२२ रुपये ५ पैसे. आगारातली टाकी सोडून सरकारी बसगाड्या पुन्हा पंपावर.

हे दोन दरांचं प्रकरण चंदीगडमध्ये रोज चालू असतं, तेही एका रस्त्याच्या अंतरावर. अलीकडे चंदीगड केंद्रशासित. पलीकडे मोहाली पंजाबात, दुसऱ्या बाजूला पंचकुला हरियाणात. तिन्हीकडे व्हॅट वेगळा, आणि चंदीगडचा कमी. मार्च २०२४ मध्ये दर २ रुपयांनी उतरले त्यानंतर चंदीगडमध्ये पेट्रोल ९४ रुपये २४ पैसे आणि डिझेल ८२ रुपये ४० पैसे होतं. तेव्हाच मुंबईत डिझेल ९२ रुपये १५ पैसे होतं, म्हणून महाराष्ट्रातून ऐकणाऱ्यांना हा आकडा खोटा वाटेल. मोहालीच्या पंपवाल्यांचं दुखणं तुम्हाला आता समजेल. त्यांच्या दारावरून गिऱ्हाईक पुढे जातं आणि दोन चौक ओलांडून टाकी फुल करतं. दैनंदिन दर बदलायचा प्रयोग देशात १ मे २०१७ ला ज्या पाच शहरांत आधी सुरू झाला त्यात चंदीगड होतं, त्यामुळे इथल्या माणसाला सकाळी उठून दर पाहायची सवय इतरांपेक्षा दीड महिना आधी लागली.

सप्टेंबर २०२४ मध्ये पंजाबने पुन्हा व्हॅट वाढवला. पेट्रोलवर ६१ पैसे, डिझेलवर ९२ पैसे. डिझेलवर जास्त का, तर खप जास्त, म्हणून वसुली जास्त. आणि हे त्या राज्यात, जिथे डिझेल म्हणजे शेती. मोहालीतला ट्रक चंदीगडला येऊन टाकी भरू शकतो. मानसा किंवा फाजिल्का जिल्ह्यातला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन इथे येऊ शकत नाही. त्याच्यासाठी ९२ पैसे म्हणजे ९२ पैसेच.

आमच्या कंपनीत आता भाड्याच्या करारात एक कलम असतं: डिझेल ठरलेल्या दरापेक्षा अमुक इतकं वर गेलं तर भाडं त्या प्रमाणात वाढेल, खाली आलं तर कमी होईल. ऐकायला सोपं आहे. पण मोहालीतला कारखानदार म्हणतो, दर चंदीगडचा धरा, तुमचे ट्रक तिथेच भरतात. ट्रक मालक म्हणतो, चंदीगडला भरलेली टाकी राजस्थानात संपते, पुढे नाशिकपर्यंत तिथल्या दराने भरतो, तर दर वाटेतला धरा. दोघांचंही खरं आहे. सध्या आम्ही अर्धा रस्ता इकडचा आणि अर्धा तिकडचा असं धरतो, आणि दर तीन महिन्यांनी त्यावर चहा पिऊन भांडतो. पुढच्या भागात त्याच रस्त्यावरच्या टोलबद्दल बोलू.